भुकेवरची शस्त्रक्रिया

पोटाच्या शस्त्रक्रियेने वजन कसे उतरते, असे कुणालाही विचारा, उत्तर तयार असते. जठर लहान केले, त्यात अन्न कमी मावते, माणूस कमी जेवतो, वजन उतरते. या उत्तराच्या मागोमाग एक निवाडाही येतो, बहुतेकदा न बोलता. ज्याला तोंडावर ताबा ठेवता आला नाही, त्याने पैसे मोजून तो ताबा पोटात बसवून घेतला; म्हणजे ही पळवाट. समजूत आणि निवाडा एकमेकांच्या आधाराने उभे आहेत. जठर ही नुसती पिशवी असेल आणि सर्जनने फक्त तिचा आकार कमी केला असेल, तर ताटात कमी वाढून घेतले असते तरी तेच झाले असते, हा आक्षेप बिनतोड ठरतो. पण गेल्या पंचवीस वर्षांत जमलेला पुरावा पिशवीच्या कल्पनेला धक्का देणारा आहे. या शस्त्रक्रियेने बदलते ती भूक. आणि भूक बदलावी लागते हे एकदा मान्य केले, की लठ्ठ माणसाच्या आळसाबद्दल आणि खादाडपणाबद्दल आपण जे सहज बोलून जातो, ते पुन्हा तपासावे लागते.

पिशवीची कल्पना अडाण्यांची नव्हे, ती मुळात सर्जनांचीच. १९५४ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटात लहान आतड्याचा बराचसा भाग वगळून पुढे जोडणी करण्याची शस्त्रक्रिया सुरू झाली. हिशेब साधा होता: आतडेच आखूड, तर शोषणार काय? वजन उतरले, पण त्याबरोबर न थांबणारे जुलाब, मूतखडे आणि काहींच्या बाबतीत यकृत निकामी होणे हेही आले, आणि ती पद्धत सोडून द्यावी लागली. १९६६ मध्ये आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन यांनी दुसरा मार्ग धरला. अल्सरमुळे जठराचा मोठा भाग काढलेल्या रुग्णांचे वजन नंतर वाढत नाही, हे त्यांच्या लक्षात आले होते. त्यातून गॅस्ट्रिक बायपास जन्मला. त्याच्या आजच्या रूपात जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटरची चिमुकली थैली वेगळी काढतात आणि लहान आतडे थोड्या अंतरावर कापून तिला थेट जोडतात. उरलेले जठर आणि आतड्याचा पहिला भाग अन्नाच्या वाटेतून बाजूला पडतो. १९९४ मध्ये सॅन दिएगोच्या सर्जनांनी हीच शस्त्रक्रिया दुर्बिणीतून केल्याचे प्रसिद्ध केले, आणि पोटावरच्या वीतभर छेदाच्या जागी चार-पाच छोटी भोके आली. एवढे सगळे होईपर्यंत विचार मात्र नळकामाचाच होता: किती आत शिरते, किती शोषले जाते.

आज जगात सर्वांत जास्त होणारी स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी तर जवळजवळ अपघाताने हाती लागली. फार वजनाच्या, भूल सोसेल की नाही अशी शंका असलेल्या रुग्णांवर सगळी गुंतागुंतीची शस्त्रक्रिया एका वेळी करणे धोक्याचे होते. म्हणून २००० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये मिशेल गान्ये यांनी ती दोन टप्प्यांत विभागली. आधी स्टेपलरने जठराची बाहेरची वळणदार बाजू, म्हणजे सुमारे तीन चतुर्थांश ते चार पंचमांश जठर, कापून काढायचे; केळ्याच्या आकाराची नळी तेवढी ठेवायची; वजन थोडे उतरले की काही महिन्यांनी आतड्याचा टप्पा करायचा. पण अनेक रुग्णांचे वजन पहिल्या टप्प्यावरच इतके उतरले की दुसऱ्याची गरजच उरली नाही. आतड्याला हातही न लावता हे कसे झाले? जठर लहान झाले म्हणून, असे तेव्हा सगळ्यांनाच वाटले, आणि ते वाटणे स्वाभाविक होते.

आता ही कल्पना खरी मानून पुढे जाऊ. जठर नुसते लहान झाले असेल, तर माणूस भुकेलेला राहायला हवा. खावेसे वाटते पण खाता येत नाही, अशी त्याची अवस्था व्हायला हवी. तोंडच बंद केले तर वजन कायमचे उतरायला हवे. जठराला नुसता पट्टा आवळला तरी तेवढेच यश मिळायला हवे. यांतले काहीच घडत नाही. १९७० च्या दशकात काही ठिकाणी रुग्णांचे जबडे तारेने बांधून त्यांना पातळ पदार्थांवर ठेवण्याचा प्रयोग झाला. तारा असेपर्यंत वजन उतरले, तारा सुटल्यावर परत आले. जठराभोवती सिलिकॉनचा पट्टा बसवण्याची पद्धत एके काळी फार लोकप्रिय होती. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या मोठ्या पाहणीत दहा वर्षांनंतर पट्टा बसवलेल्यांचे वजन मूळच्या सुमारे १४ टक्के कमी होते, तर बायपास झालेल्यांचे २५ टक्के. वाट अरुंद करणे दोन्हींत आहे. फरक दुसऱ्या कशाने तरी पडला. आणि शस्त्रक्रिया झालेले रुग्ण ‘खाता येत नाही’ यापेक्षा ‘खावेसेच वाटत नाही’ असे सांगतात. या तक्रारवजा वाक्याकडे वैद्यकाने बराच काळ दुर्लक्ष केले.

सर्वांत बोलका पुरावा उंदरांनी दिला. सिनसिनाटीत रँडी सीली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर स्लीव्ह शस्त्रक्रिया केली. उंदरांचे वजन उतरले आणि एका पातळीवर स्थिरावले. मग त्यांनी या उंदरांना आणखी उपाशी ठेवून त्या पातळीच्याही खाली आणले आणि नंतर हवे तेवढे खाणे समोर ठेवले. उंदरांनी भरपूर खाल्ले, शस्त्रक्रियेनंतरच्या वजनाला पोचले आणि तिथे थांबले. शस्त्रक्रिया झालेल्या माद्या गाभण राहिल्या, तेव्हा त्यांचेही खाणे वाढले. जठर तेच, नळी तीच, तरी गरज पडली तेव्हा त्यातून जास्त अन्न गेले. अडचण जागेची असती तर हे शक्यच नव्हते. एखाद्या खोलीचा थर्मोस्टॅट खाली आणून ठेवावा, तसे शरीराने राखायचे वजनच खाली आले होते. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरे. पण माणसातही एक साधा प्रयोग झाला आहे. बायपास झालेल्यांना लंडनच्या संशोधकांनी आतड्यातली संप्रेरके दाबून टाकणारे इंजेक्शन दिले, तेव्हा त्याच थैलीतून ते जास्त जेवले. पट्टा बसवलेल्यांवर त्याच इंजेक्शनाचा तसा परिणाम झाला नाही.

ही संप्रेरके कोणती? १९९९ मध्ये जपानमध्ये मासायासू कोजिमा आणि केन्जी कांगावा यांना जठरात तयार होणारे एक संप्रेरक सापडले, ग्रेलिन. पोटात कावळे ओरडू लागतात त्या वेळी रक्तात त्याचे प्रमाण वाढलेले असते आणि जेवल्यावर उतरते. ते मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात बनते. स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग जातो. २००२ मध्ये सिअॅटलच्या डेव्हिड कमिंग्ज यांनी दाखवले की आहार कमी करून वजन उतरवलेल्यांचे ग्रेलिन वाढते, म्हणजे भूक आणखी चेवते. बायपास झालेल्यांचे मात्र वजन खूप उतरूनही ते फार कमी राहते. दुसऱ्या बाजूला, अन्न वेगाने आतड्याच्या पुढच्या भागात पोचल्यामुळे जीएलपी-१ आणि पीवायवाय ही तृप्तीची खूण देणारी संप्रेरके जेवणानंतर कित्येक पटींनी वाढतात. इतके वाचून ‘ग्रेलिन कमी, वजन कमी’ असे सूत्र मनात तयार होते. ते मोडून टाकलेले बरे. ग्रेलिन तयारच न होणारे उंदीर घेतले तरी स्लीव्हने त्यांचे वजन उतरते. जीएलपी-१ चा ग्राहक (रिसेप्टर) नसलेल्यांचेही उतरते. उलट, पित्ताम्लांची खूण ओळखणारा एफएक्सआर नावाचा ग्राहक काढून टाकला तर शस्त्रक्रियेचा परिणाम बराच ओसरतो, असे २०१४ मध्ये दिसले. आतडे आणि मेंदू यांच्यातले बोलणे अनेक तारांवरून चालते. शस्त्रक्रिया त्यांतल्या बऱ्याच तारा एकदम हलवते. कदाचित म्हणूनच ती इतकी परिणामकारक आहे आणि म्हणूनच तिचे एका ओळीत वर्णन करता येत नाही.

आता निवाड्याकडे वळू. ताटात कमी वाढून घेतले तर तेच होईल, असे म्हणणाऱ्याने शरीर उपाशी राहिल्यावर काय करते ते पाहावे. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुण स्वयंसेवकांना सहा महिने सुमारे निम्म्या आहारावर ठेवले. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने उतरले. पण त्यांचे मन दिवसरात्र अन्नाभोवती फिरू लागले, स्वयंपाकाची पुस्तके वाचण्याचा नाद लागला, शरीर थंड आणि मंद झाले. प्रयोग संपल्यावरही कित्येकांची भूक पोट भरून भागेना. ही माणसे लठ्ठ नव्हती, दुबळ्या मनाचीही नव्हती. अशा प्रयोगाला आपणहून उभी राहिलेली होती. सत्तर वर्षांनी केविन हॉल यांनी अमेरिकेतल्या ‘द बिगेस्ट लूझर’ या वजन उतरवण्याच्या टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांची सहा वर्षांनंतर तपासणी केली. बहुतेकांचे वजन बरेचसे परत आले होते, आणि तरीही त्यांचे शरीर विश्रांतीत अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी खर्च करत होते. म्हणजे जवळजवळ एका जेवणाएवढी काटकसर शरीराने परस्पर लावून घेतली होती. मेलबर्नच्या २०११ च्या अभ्यासात आहाराने वजन उतरवून वर्ष झाले तरी भुकेची संप्रेरके चढलेलीच आढळली. मनाचा निग्रह महिनाभर टिकतो, वर्षभरही टिकतो. त्याच्या विरुद्ध बाजूला उभे असलेले शरीर मात्र रजा घेत नाही. बायपास किंवा स्लीव्हनंतर हा प्रतिकार बराच ढिला पडतो, आणि डाएट व शस्त्रक्रिया यांतला खरा भेद तो आहे.

इथे एक गंभीर आक्षेप उभा राहतो, आणि तो शस्त्रक्रियेच्या उत्साही समर्थकांना अडचणीचा आहे. १९९५ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील वॉल्टर पोरीझ यांनी बायपास झालेल्या १४६ मधुमेही रुग्णांपैकी १२१ जणांची साखर आटोक्यात राहिल्याचे प्रसिद्ध केले. साखर कित्येकांच्या बाबतीत वजन फारसे उतरण्याआधी, दिवसांतच उतरली होती. त्यानंतर आतड्यात वजनापलीकडची काही जादू असावी, असे वाटू लागले. पण २०२० मध्ये सॅम्युअल क्लाइन यांच्या गटाने मोजक्या मधुमेही रुग्णांचे दोन गट केले. एकाने बायपासने आणि दुसऱ्याने केवळ आहाराने सारखेच, सुमारे १८ टक्के, वजन उतरवले. इन्सुलिनला शरीर देत असलेला प्रतिसाद दोन्ही गटांत जवळजवळ सारखा सुधारला. मग जादू कुठे राहिली? माझ्या मते हा अभ्यास प्रामाणिकपणे मान्य करायला हवा: मधुमेहातला मोठा वाटा वजन उतरण्याचाच आहे. महाराष्ट्रात डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या दोन वेळाच जेवण्याच्या सल्ल्याला जो प्रतिसाद मिळाला, त्यामागेही हीच आशा होती, आणि ती निराधार नाही. ब्रिटनमधल्या डायरेक्ट नावाच्या चाचणीत कडक पथ्याने पहिल्या वर्षअखेर ४६ टक्के लोकांचा मधुमेह ओसरलेला होता. दुसऱ्या वर्षअखेर ते प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. या उताराकडे नीट पाहावे. आहाराने ते साधते यात वाद नाही. ते साधून ठेवणे किती जणांना जमते, हा प्रश्न आहे. क्लीव्हलँडच्या स्टॅम्पीड चाचणीत पाच वर्षांनी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचे कडक उद्दिष्ट औषधोपचाराच्या गटातील ५ टक्क्यांनी गाठलेले होते, स्लीव्हच्या गटातील २३ आणि बायपासच्या गटातील २९ टक्क्यांनी. म्हणजे शस्त्रक्रियेनंतरही सत्तर टक्क्यांहून अधिक लोक त्या रेषेच्या अलीकडेच होते, हेही त्याच आकड्यांत आहे. ‘मधुमेह मुळापासून बरा’ अशा जाहिरातींनी हा भाग गाळलेला असतो.

निरोगी अवयव कापायचा कशाला, हा दुसरा आक्षेप भावनेचा वाटतो, पण तो उडवून लावण्यासारखा नाही. स्लीव्हमध्ये काढलेले जठर परत येत नाही. अमेरिकेत २००९ मध्ये ४,७७६ रुग्णांचा आढावा घेतला गेला तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या ३० दिवसांत हजारामागे तीन मृत्यू झाले होते; चांगल्या केंद्रात हा धोका लहान आहे, पण शून्य नाही. स्टेपलच्या रेषेतून गळती, रक्तस्राव, पायातल्या शिरेत गुठळी ही पहिल्या काही आठवड्यांची भीती. त्यानंतरची यादी लांब आणि कंटाळवाणी, म्हणूनच दुर्लक्षिली जाणारी. लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि बी-१२ यांची उणीव आयुष्यभर भरत राहावी लागते; आपल्याकडे शाकाहारी माणसाचे बी-१२ आधीच काठावर असते. उलट्या चालू राहिल्या आणि थायमिन वेळेवर दिले नाही तर मेंदूला इजा होऊ शकते. पित्तखडे, केस गळणे, लोंबणारी त्वचा, स्लीव्हनंतर वाढणारी छातीतली जळजळ, बायपासनंतर गोड खाल्ल्यावर येणारी धडधड आणि घाम. दारू फार लवकर चढते, आणि बायपासच्या दुसऱ्या वर्षापासून दारूचे व्यसन वाढल्याची नोंद आहे. २००७ मध्ये अमेरिकेतील यूटा राज्यातल्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांचे एकूण मृत्यू ४० टक्क्यांनी कमी होते. पण अपघात, आत्महत्या अशा आजाराव्यतिरिक्तच्या कारणांनी झालेले मृत्यू ५८ टक्क्यांनी जास्त होते. ज्याने बरीच वर्षे दुःख अन्नात बुडवले, त्याच्याकडून ते अन्न काढून घेतल्यावर दुःखाचे काय होते, हे पाहायला रुग्णालयात सर्जनशिवाय आणखी कुणीतरी हवे.

मग हिशेब कुणीकडे झुकतो? स्वीडनच्या त्या पाहणीचा २०२० मधला निष्कर्ष मला सर्वांत नेमका वाटतो. शस्त्रक्रिया झालेले लोक, न झालेल्या तशाच लठ्ठ लोकांपेक्षा सरासरी ३ वर्षे जास्त जगले. पण सर्वसामान्य लोकसंख्येपेक्षा ५.५ वर्षे कमी. या पाहणीत चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते, त्यामुळे शस्त्रक्रिया निवडणारे लोक आधीपासूनच थोडे वेगळे असू शकतील, ही शंका राहते. तरी दोन्ही आकडे एकत्र धरले की चित्र स्वच्छ होते. शस्त्रक्रिया बरेच काही परत देते, पण लठ्ठपणात गेलेली वर्षे तिला पुसता येत नाहीत. म्हणून ती कुणी करावी याइतकाच, केव्हा करावी हाही प्रश्न महत्त्वाचा होतो.

‘आपल्या आजोबांच्या पिढीत कुणाला हे लागले नाही, मग जीवशास्त्राचा बहाणा कशाला?’ असेही विचारले जाते. प्रश्नातले निरीक्षण बरोबर आहे. दोन पिढ्यांत जनुके बदलत नाहीत. बदलले ते अन्न, श्रम, झोप आणि शहर. देशात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सुमारे २४ टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुष जास्त वजनाचे किंवा लठ्ठ आढळले, आणि कोणतीही शस्त्रक्रिया हा आकडा खाली आणू शकत नाही. ते काम शाळेच्या डब्याचे, शीतपेयांवरच्या कराचे आणि चालता येण्याजोग्या रस्त्यांचे आहे. पण एकदा चढलेले वजन शरीर आपलेच समजून राखू लागते. पूर कशाने आला हे कळले, म्हणून घरात शिरलेले पाणी आपोआप ओसरत नाही.

आणि आता औषधे आली आहेत. सेमाग्लुटाइडने २०२१ च्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के वजन उतरवले, तिर्झेपटाइडच्या सर्वांत मोठ्या मात्रेने पुढच्या वर्षी सुमारे २१ टक्के. २०२५ मध्ये ही दोन्ही इंजेक्शने वजनासाठी भारतात विकायला आली. कुणाला यात शस्त्रक्रियेचा अंत दिसतो. मला त्यात या प्रकरणाच्या मुद्द्याला मिळालेला सर्वांत भक्कम दुजोरा दिसतो. जठराला धक्का न लावता, केवळ जीएलपी-१ सारखी खूण मेंदूला पोचवून वजन उतरते; पिशवी आहे तेवढीच राहते. आणि सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला, म्हणजे खूण गेली की शरीर पूर्वीच्या जागी परतते. आठवड्याचे इंजेक्शन कायम परवडेल अशांना ते चांगले. वजन फारच असेल, किंवा औषध सोसत नसेल, तर शस्त्रक्रियेची जागा अजून राहील असे मला वाटते.

आपल्यासाठी मात्र एक प्रश्न वेगळाच आहे. २००४ मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी ‘द लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच फोटो शेजारी शेजारी छापले. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. उंची-वजनाच्या गणिताला भारतीय शरीरातली चरबी दिसत नाही, हे याहून कमी शब्दांत कुणी सांगितलेले नाही. २०२२ मध्ये लठ्ठपणा-शस्त्रक्रियेच्या एका अमेरिकी आणि एका आंतरराष्ट्रीय संघटनेने हे लक्षात घेतले: आशियाई लोकांना बीएमआय २७.५ च्या पुढे शस्त्रक्रियेचा पर्याय द्यावा, असे त्यांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. आपल्याकडे विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये प्रमाणित केलेले आणि आरोग्य पॉलिसींत छापले जाणारे कलम वेगळे आहे. शस्त्रक्रियेचा खर्च मिळायला बीएमआय ४० हवा, किंवा हृदयरोग, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र आजार, आटोक्याबाहेरचा मधुमेह यांसारखे काही असेल तर ३५, आणि साधे उपाय फसलेले असावेत. ४० आणि ३५ हे आकडे १९९१ च्या अमेरिकी शिफारशीत होते तेच. ती शिफारस झाली तेव्हा बायपास पोट उघडूनच होत असे आणि ग्रेलिन कुणाला माहीत नव्हते. १६५ सेंटिमीटर उंचीचा, ८५ किलो वजनाचा, औषधांना दाद न देणाऱ्या मधुमेहाचा माणूस घ्या. त्याचा बीएमआय ३१ आहे. २०२२ च्या सूचनांप्रमाणे त्याच्याशी या पर्यायाबद्दल बोलायला हवे. या कलमात बसायचे असेल, तर त्याला आधी आणखी दहा किलोंहून थोडे जास्त वजन वाढवावे लागेल.